जैतूनबीची गादी

ऐकणाऱ्यांनी जरा सरकून बसावं. ही गोष्ट चिंचटेकच्या वेशीला अजून दार होतं तेव्हाची. आता दार नाही, दार लावणारा माणूसही नाही. वेशीचे दोन दगडी खांब तेवढे उरलेत आणि त्यांना शेळ्या अंग घासतात. पण गोष्ट त्या दारातच घडली, म्हणून आधी सांगून ठेवलं.

चिंचटेक हे कापसाच्या मुलखातलं गाव. काळी जमीन, आणि नदी वर्षातले सात महिने नुसती वाळूची. ज्याच्या घरी धान्य नसे त्याच्याही घरी कापूस असे. शेतवाल्याकडे खोलीभर, आणि मजुराकडे वेचणी उरकल्यावर मागे राहिलेली बोंडं गोळा करून आणलेला टोपलीभर. गावात मधोमध कुणब्यांची आळी, नदीकाठी भोयांची घरं, वेशीपलीकडे एक वस्ती आणि माळावर बंजाऱ्यांचा तांडा. चौघांचे देव वेगळे, रुसवेफुगवे वेगळे. एक गोष्ट मात्र चौघांना एकाच हातची लागे. गादी म्हणा, उशी म्हणा, पांघरायचा लेप म्हणा, कापूस पिंजून भरून देणारं पिंजाऱ्याचं घर गावात एकच होतं.

त्या घरात उस्मान पिंजारी आणि त्याची बायको जैतूनबी. एका पावसाळ्यात उस्मान गेला. तापानं गेला, असं गावाला कळलं. त्याची धनुकली भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली राहिली. धनुकली म्हणजे कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य. पुरुषभर लांब, त्याला आतड्याची तात, आणि त्या तातेवर लाकडी गोट्यानं ठोका मारायचा, की खाली कापूस फुलत जातो. बाईनं ती धरावी अशी तेव्हा रीत नव्हती. चाळीस दिवस जैतूनबी खुंटीकडे बघत राहिली. एकेचाळिसाव्या दिवशी तिनं धनुकली काढली आणि खांद्याला लावून दारोदार फिरायला लागली.

असं म्हणतात की तिच्या तातेचा आवाज तीन गावांत जाई. पहिल्या गावात तो ऐकून लेकरं निजत, दुसऱ्या गावात म्हशी पान्हा सोडत आणि तिसऱ्या गावातले लोक म्हणत, चिंचटेकात कुणाचं तरी लगीन निघालं. म्हशींचं मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट सगळेच सांगतात, आणि ती खरी धरायला हरकत नाही. जैतूनबीला गादीवरून माणूस कळे.

तिला घराच्या आत काही घेत नसत. ती अंगणात बसे आणि जुनी गादी आतून बाहेर येई. ती शिवण उसवायची, खोळीत कोपरापर्यंत हात घालायची आणि आतून चाचपून बघायची. मधेच कापसाचा बांध पडलेला असला की नवराबायकोचं बोलणं बंद आहे. एका कडेला खड्डा असला की म्हाताऱ्याचा खांदा धरलाय. ती हे फारसं बोलून दाखवत नसे. पण बाया कुठल्या सोडतात? "बी, माह्या गादीत काय दिसते, सांग ना," म्हणून एकीनं फार लकडा लावला, तेव्हा जैतूनबी म्हणाली, "दिसते का भर दुपारी कोनी तरी निजते, आन सासूले सांगते का निंदाले गेलती." त्या दिवसानंतर त्या बाईनं तिला पुन्हा विचारलं नाही.

आता गावाची एक वाईट खोड सांगायला हवी. सांगायला बरं वाटत नाही, पण त्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही.

कुणाचं मन बिघडलं, कुणी बोलेनासं झालं, कुणी एकटंच हसायला किंवा रडायला लागलं, की गाव म्हणे, त्या घराला वारं लागलं. मग त्या घरचं विरजण कुणी नेत नसे, तिथून कुणी विस्तव आणत नसे. त्या घरच्या पोरीला मागणी येत नसे. आणि वारं बिछान्यातून पसरतं अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. म्हणून त्या माणसाची गादी वेशीबाहेर नेऊन जाळायची. गंमत अशी, की कुणब्यांच्या आळीत म्हणत, हे वारं तांड्यावरून येतं. तांड्यावर म्हणत, नदीवरून येतं. भोई म्हणत, वेशीपलीकडून. आणि वेशीपलीकडचे म्हणत, आमच्याकडे यायला त्याला वेशीच्या दारातूनच यावं लागेल ना? चौघंही आपापल्या माणसाला मागच्या खोलीत कोंडत आणि चौघंही शेजाऱ्याकडे बोट दाखवत.

त्या गाद्या जाळायला कुणी हात लावेना, म्हणून ते काम जैतूनबीकडे आलं. कापसाचं काम तिचंच, असं गावानं ठरवून टाकलं. ती गादी डोक्यावर घेऊन वेशीबाहेर जाई, आणि थोड्या वेळानं ओढ्याच्या बाजूला धूर दिसे. गाव निश्चिंत होई.

धूर पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा असे. कापूस जळत नसे.

तो ती घरी आणी, उन्हात वाळवी, पिंजून मोकळा करी आणि आपल्या कापसात मिसळून टाकी. पिंजताना कापूस उडतो. दहा शेर घेतला तर दहा शेर भरत नाही, आणि घरमालकीण तर तेवढाच मागते. मग तूट कशानं भरायची? असं म्हणतात की तिनं हे साऱ्या गावाला एक करायला केलं. तुम्हांला तसं मानायचं असेल तर माना. मला वाटतं, आधी ते तूट भरायलाच केलं असेल, आणि दुसरं कारण त्याहून वेगळं होतं. तिचा हात कापूस जाळायला होत नव्हता. आयुष्यात एकच गादी तिनं खरोखर जाळली होती, आणि ती उस्मानची होती.

उस्मान तापानं गेला नव्हता. आदल्या होळीपासून त्याचं काहीतरी हललं होतं. तो कापूस न घेताच धनुकली लावून बसे आणि रिकाम्या तातेवर ठोके मारत राही. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत. विचारलं तर म्हणे, गाठ सुटत नाही. कसली गाठ, कुठली गाठ, ते सांगत नसे. जैतूनबीला धडकी भरली. गावाला कळलं तर पिंजाऱ्याच्याच घराला वारं लागलं म्हणतील, मग कोण देईल या घरात गादी? तिनं धनुकली त्याच्या हातातून काढून खुंटीला टांगली. ती खुंटीला लागली ती तेव्हा, उस्मान जिवंत असताना. त्याला मागच्या खोलीत ठेवून तिनं बाहेरून कडी घातली आणि गावाला सांगितलं, बहिणीकडे गेलाय. तो आत भिंतीवर बोटांनी ठोके देत राहिला. आषाढात ते थांबले. बहिणीकडून ताप घेऊनच आला होता, असं तिनं गावाला सांगितलं. गावानं माती दिली, तिनं गादी जाळली, आणि त्यानंतर उस्मानचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण नवऱ्याचं नाव तेव्हा कुठलीच बाई घेत नसे.

अशी बारा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी पुंजाजी पाटलाच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं. पुंजाजी म्हणजे गावचा पाटील. माणूस वाईट नव्हता, पण लोक काय म्हणतील या एका गोष्टीपुढे त्याला दुसरं काही दिसत नसे. रुखवतात द्यायच्या गाद्या भरायला जैतूनबी त्याच्या अंगणात बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलीणबाई मैनाबाई एक गुंडाळलेली गादी घेऊन मागच्या दारानं आली आणि ती तिच्यापुढे ठेवली.

"हे जाळून टाक. आजच. कोनाले दिसू देऊ नको."

"कोनाची हाये, पाटलीणबाई?"

"जुनी हाये."

जैतूनबीनं गादीवर हात ठेवला. खोळ नवीकोरी होती, एकाच बाजूनं नखांनी फाडलेली. "कौतिकाची हाये ना?" तिनं विचारलं.

मैनाबाई खाली बसली. कौतिका ही पाटलाची थोरली लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल नऊ दिवसांचं होऊन गेलं. सासरहून न्यायला कुणी आलं नाही, आणि कौतिका बोलायची थांबली. सात महिने झाले होते. नीट जेवत नव्हती, निजत नव्हती, दिवसभर गादी फाडत बसायची. गावात सांगितलं होतं, ती सासरी आहे.

"परवा सोयरे येतीन," मैनाबाई म्हणाली. "मानूस दिसलं तं धाकटीचं मोडलं समज. हे म्हनतात, उद्या सकाळी गाडी जुपतो. डोंगरापल्याड एक ठानं हाये. तेथी ठेवतात अशा लोकायले."

त्या ठाण्याची ख्याती जैतूनबीला ठाऊक होती. तिथं माणसं खांबाला बांधत. नेलेलं माणूस परत आल्याचं चिंचटेकात कुणाच्याच आठवणीत नव्हतं.

तिनं गादी घरी आणली आणि उसवली. नेहमीसारखा हात आत घातला, आणि हात तसाच राहिला. आत कापूस नव्हता. आत वाती होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, सारख्या लांबीच्या, सारख्या पिळाच्या. खोळीचाच दोरा काढून शंभर-शंभराच्या जुड्या बांधल्या होत्या आणि जुड्या ओळीनं लावून ठेवल्या होत्या. पोर गादी फाडत नव्हती. फाडलेल्या जागेतून कापूस काढून वाती वळत होती आणि जागच्या जागी परत ठेवत होती.

असं म्हणतात की त्या वाती पाहून जैतूनबी बारा वर्षांनी रडली. ज्या पोरीची बोटं सात महिने एका मापाची वात वळतात, तिच्या आत कुणीतरी जागं आहे, एवढं तिला कळलं. आणि उस्मानच्या आतही कुणीतरी जागं होतं, गाठ सोडवत होतं, आणि आपण त्याच्यावर कडी घातली, हेही कळलं. हे दुसरं कळणं फार वाईट असतं.

ती एक जुडी घेऊन पाटलाकडे परत गेली. पाटील ओसरीवर होता. "पाटील, पोरगी जागी हाये," ती म्हणाली. "बजारगावाहून वैद्य बलवा. तिले धाडू नका."

"वैद्य बलवला तं गावाले समजते."

"समजू द्या."

"बी," पाटील म्हणाला, "तुले दुसरी पोरगी नाई उजवाची. तू आपल्या कामाशी काम ठेव." यात त्याचं काय चुकलं, असं विचारणारे आजही गावात आहेत. तो बाप होता आणि त्याला दोन लेकी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपराची बैलगाडी पाटलाच्या दारातून निघाली. आत कौतिका, तिच्या शेजारी मैनाबाई, पुढे पाटील चालत. गाडी वेशीपाशी आली तर दारात मधोमध जैतूनबी बसलेली. धनुकली दाराच्या वरच्या आडव्या लाकडाला टांगून लावलेली, आणि पुढे ती उसवलेली गादी, तोंड मिटलेली. वेचणीचे दिवस होते. बाया शेताकडे निघाल्या होत्या, त्या थबकल्या. तांड्यावरच्या बाया लाकडं विकायला येत होत्या, त्या दाराच्या पलीकडे अडकल्या.

"बी, बाजूले हो," पाटील म्हणाला.

"होतो. पयले एक सांगू द्या." ती उठली नाही. "तुम्ही मले ही गादी जाळाले देली. याच्या आंधी बारा वर्सं गावानं देल्या. पाटील, त्यातली एकबी म्या जाळली नाई."

"मंग केलं काय त्यायचं?"

"भरल्या. तुमच्याच गाद्यायत भरल्या. तांड्यावरचा कापूस आळीत गेला, आळीतला नदीवर, नदीवरचा वेशीपल्याड. आता कोनाच्या गादीत कोनाचा हाये, मलेबी सांगता नाई येत."

आणि मग जे झालं ते दुसऱ्या गावात झालं नसतं. लोक घराकडे पळाले आणि आपापल्या गाद्या उचलून आणून वेशीबाहेर फेकायला लागले. गाद्या, उशा, लेप, देवळातल्या देवीची हातभर गादीसुद्धा. तांड्यावरून पाठीवर घेऊन आले, नदीवरून डोक्यावर घेऊन आले. उन्हं डोक्यावर येईपर्यंत दाराशी ढीग झाला. असं म्हणतात की तो ढीग वेशीच्या कमानीपेक्षा उंच झाला आणि त्याच्या सावलीत पाटलाची गाडी बैलांसकट मावली.

मग कुणीतरी म्हणालं, पेटवा. पण पेटवणार कोण? प्रत्येकाला आपली गादी फेकायची होती, दुसऱ्याच्या गादीला हात लावायचा नव्हता. चार वस्त्यांची माणसं ढिगाभोवती चार बाजूंना उभी राहिली आणि एकमेकांकडे बघत राहिली. त्यातच कुणाच्या तरी ध्यानात आलं की पौष तोंडावर आलाय, थंडी पडायला लागलीय आणि आज रात्री साऱ्या गावाला भुईवर निजायचंय.

तांड्याच्या नायकाची बायको जमनी ही म्हातारी डोक्यावरची मोळी खाली ठेवून तीवर बसली होती. ती म्हणाली, "बारा वर्सं झोपलो ना आपन याच्यावर? मंग सांगा, कोनाकोनाले वारं लागलं?"

माणसं आपापल्या फेकलेल्या गाद्यांकडे बघायला लागली.

"माह्या घरी हाये," जमनीच पुढे म्हणाली. "माहा लेक. पन त्याले या बारा वर्सांत नाई लागलं. त्याच्याबी आंधीपासून तो तसा हाये. तवा आमी पऱ्हाटीच्या पाल्यावर निजत होतो, गादी नव्हती."

हे ऐकून नदीकडून गोमा भोई पुढे आला. दांडगा माणूस, पुरात गाय वाचवलेला. त्यानं सांगितलं की त्याची बहीण तीन वर्षं कोंडलेली आहे. वेशीपलीकडची एक बाई म्हणाली, माझी सासू. आळीतल्या एका घरानं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं सोडून पहिल्यांदाच आपल्या दाराकडे दाखवलं. एकेक नाव येत गेलं. जो तो जन्मभर म्हणत होता की हे पलीकडच्या वस्तीतलं आहे, आणि इथं बघावं तर प्रत्येक वस्तीत होतं.

देवीच्या देवळातला गुरव मागे उभा होता. जमनीनं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "मी सोताच. दर पावसाळ्यात. देवीची पूजा बायको करते, मी नुसता घंटा वाजवतो." कुणाला तरी हसू आलं, आणि मग त्याला स्वतःलाच आलं.

"बी," पाटलानं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "तुह्या घरी कोन होतं?"

जैतूनबीनं डोक्यावरचा पदर नीट केला. "उस्मान," ती म्हणाली. "माहा उस्मान. तापानं नाई गेला तो. म्या कोंडला त्याले. तुमच्या भेवानं कोंडला." गावात बाईनं उघड्यावर नवऱ्याचं नाव घेतलेलं लोकांनी प्रथमच ऐकलं. आयाबायांच्या अंगावर काटा आला, आणि नुसत्या नाव घेण्यानं आला नाही.

मग तिनं समोरची कौतिकाची गादी ओढली. "कापूस जाळता येत नाई मले," ती म्हणाली. "पिंजता येते." तिनं गादी तातेखाली घेतली आणि गोटा उचलला.

"पिंजू नको!"

आवाज गाडीतून आला. घोगरा, सात महिने न वापरलेला. मैनाबाईनं तोंडावर हात दाबला. कौतिका छपराच्या दांडीला धरून अर्धी बाहेर आली होती.

"पिंजू नको, मावशी. मोजेल हायेत."

जैतूनबीनं गोटा खाली ठेवला. "किती झाल्या, माय?"

"एकशे नव्वद कमी, सत्तर हजार." कौतिका गाडीतून उतरली. ती गादीपाशी आली, खाली बसली आणि जुड्या जागच्या जागी आहेत की नाहीत ते बघायला लागली. "लाख बोल्ली होती देवीले. पोटात होतं तवा." मग तिनं असं सांगितलं, जसं काही ते सगळ्यांना ठाऊकच असायला हवं होतं. "थे गेलं. पन नवस तं बोलेल होता."

पुंजाजी पाटील त्या दारात, सगळ्यांसमोर, लेकीशेजारी मातीत बसला. त्याला वाती वळता येत नव्हत्या. त्यानं एक वळली, ती वेडीवाकडी झाली. कौतिकानं ती उलगडली आणि म्हणाली, "बाबा, पीळ उलटा देला."

जैतूनबीला ठाऊक होतं की पोरगी बोलेल, असं काही जण म्हणतात. काही म्हणतात की तिला काहीच ठाऊक नव्हतं, रागाच्या भरात खरंच सगळं पिंजून टाकणार होती. तिला कुणी विचारलं तर ती म्हणे, "हात थांबला, बस."

पुढचं मात्र सगळे एकसारखं सांगतात. तिनं कौतिकाची गादी बाजूला ठेवली, ढिगातली पहिली हाताला येईल ती गादी ओढली आणि तातेवर ठोका दिला. असं म्हणतात की त्या ठोक्यानं ढिगातल्या साऱ्या खोळींच्या शिवणी आपोआप उसवल्या आणि कापूस वर उडाला. आळीचा, तांड्याचा, नदीचा, वेशीपलीकडचा. गावावर पांढरं आभाळ आलं. घरं दिसेनात, माणसं दिसेनात, नुसते आवाज ऐकू येत होते, आणि कोण कुणाच्या शेजारी उभं आहे ते कुणालाच कळत नव्हतं. वारा होता, असंही म्हणतात. कापूस खाली बसला तेव्हा सगळे सारखेच पांढरे झाले होते, पाटलापासून त्या बैलांपर्यंत. मग गाद्या पुन्हा भरायला बसले, आणि कुणाचा कापूस कुठला हे कुणी विचारलं नाही, कारण विचारून उपयोग नव्हता.

गाडी डोंगरापल्याड गेली नाही. तिसऱ्या दिवशी तीच गाडी बाजारगावाला गेली आणि वैद्याला घेऊन आली. कौतिकाला बघून वैद्य तिथंच थांबला नाही. जमनीच्या लेकाला बघितलं, गोमाच्या बहिणीला बघितलं, वेशीपलीकडच्या त्या सासूला बघितलं. काहींना काढा दिला, काहींच्या घरच्यांना चार शब्द सांगितले, आणि दर महिन्याला येईन म्हणाला. राहिलेल्या वाती चार वस्त्यांच्या बायांनी कौतिकाबरोबर बसून वळल्या. गादीच्या कापसाची वात देवीला चालते का, असा प्रश्न निघाला होता. गुरव म्हणाला, देवीची गादीही त्याच ढिगातली आहे, तिची काही तक्रार नाही.

आता जे बरं झालं नाही तेही सांगतो. धाकटीची सोयरीक मोडली. सोयरे आले, ऐकलं, पाणी न घेता उठून गेले. पाटील आठ दिवस कुणाशी बोलला नाही. धाकटीचं लग्न पुढच्या साली दुसरीकडे झालं. त्या घरच्यांनी आधी एवढंच विचारलं, थोरली बहीण लग्नाला येणार ना? जैतूनबीला त्या हिवाळ्यात निम्म्या गावानं काम दिलं नाही. आणि कौतिका एका दिवसात बरी झाली नाही. दोन वर्षं लागली, मधे पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. जमनीचा लेक तर कधीच पुरता बरा झाला नाही. पण तो उघड्यावर राहिला, लोकांत जेवला, आणि म्हातारपणी मेला तेव्हा त्याला खांदा द्यायला चारही वस्त्यांतले लोक होते.

जैतूनबी कधी गेली ते नक्की ठाऊक नाही. असं म्हणतात की ती गेली त्या दिवशी गावातली प्रत्येक गादी बोटभर उंच झाली. तिला मूलबाळ नव्हतं. धनुकली कौतिकानं ठेवून घेतली.

आजही चिंचटेकात कापसाची शेवटची वेचणी झाली की येणाऱ्या पहिल्या बाजारच्या दिवशी वेशीच्या त्या दोन खांबांमधे एक मोठी खोळ पसरतात. पिंजारी आता नाहीत, कापूस मशीनवर पिंजून येतो. पण प्रत्येक घरानं आपली एक मूठ आणायची आणि स्वतःच्या हातानं खोळीत टाकायची. टाकताना घरात कुणाचं मन दुखत असेल तर त्याचं नाव घ्यायचं. हळू नाही, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं. आपलं स्वतःचं असलं तर स्वतःचं. नाव घेतलेल्याच्या घरी वर्षभर चारही वस्त्यांतून कुणी ना कुणी जाऊन बसतं. गादी भरली की ती दवाखान्याच्या ओट्यावर टाकतात. महिन्यातून एकदा तालुक्याहून डॉक्टरीणबाई येतात, आशाताई येतात, आणि खुर्ची असूनही त्या गादीवरच बसतात. लोकही शेजारी बसून बोलतात. तिला जैतूनबीची गादी म्हणतात.

कुणाच्या घरी काही नसलं तर नाव न घेता मूठ टाकली तरी चालते. फक्त सगळ्यांत आधी एक मूठ पडावी लागते, त्याशिवाय दुसऱ्या कुणी टाकायची नाही. ती कोण टाकतं ते ठरलेलं नाही. कधी तांड्यावरची म्हातारी टाकते, कधी गुरवाची सून, कधी दप्तर घेऊन शाळेला निघालेली पोरगी. त्यातल्या कुणीच त्याला पाहिलेलं नाही. पण खोळीचं तोंड उघडून धरतात, कापूस आत सोडतात आणि नदीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतात, "उस्मान."